माठ, मीठ आणि मंदावलेली तहान

फाल्गुन सरत आला की घरोघरी नवा माठ येतो. तो दोन दिवस पाण्याने भरून ठेवावा, त्याला बाहेरून चांगला पाझर फुटू द्यावा, मग वाऱ्याच्या वाटेवर तिवईवर ठेवावा, हे शास्त्र कुणी पुस्तकातून शिकलेले नसते. माठ जुना झाला, त्याची छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी पूर्वीसारखे गार होत नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. वाचकहो, या सदरात आपण शाळेत शिकलेले आणि पुढे संसाराच्या रगाड्यात मागे पडलेले विज्ञान पुन्हा एकदा हाताळून पाहतो. या अंकापुरता आपला विषय पाणी आणि मीठ एवढाच आहे. त्यात पदार्थविज्ञान आहे, रसायन आहे, जीवशास्त्र आहे, थोडे हवामानशास्त्रही आहे. आणि उन्हाळ्यात घरातल्या वृद्ध माणसाची प्रकृती सांभाळताना या चारही शाखांची गरज पडते.

माठापासूनच आरंभ करू. माठाची भिंत सच्छिद्र असते. आतले पाणी त्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येऊन पृष्ठभागावर पसरते आणि वाफ होऊन उडून जाते. वाफ होण्यासाठी पाण्याला उष्णता लागते, आणि ती ते माठाकडून व आत उरलेल्या पाण्याकडून घेते. ही उष्णता किती मोठी असते याची कल्पना आपल्याला सहसा नसते. १ ग्रॅम पाणी शून्य अंशापासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे १०० कॅलरी पुरतात; परंतु त्याच १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात, आणि एवढे होऊनही तापमापकातला पारा जागचा हलत नाही. अठराव्या शतकात, १७६०च्या सुमारास, ग्लासगो येथे अध्यापन करणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी या दडून बसलेल्या उष्णतेचा छडा लावला. आपल्या पिढीने तिला ‘सुप्त उष्णता’ या नावाने ओळखले. नातवंडांच्या पुस्तकांत ती ‘अप्रकट उष्मा’ या नावाने भेटते.

आपले शरीर हाही एक माठच आहे. त्वचेवरचा घाम उडून जाताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. (आहारतज्ज्ञ ज्या कॅलरी मोजतात त्या याच्या हजारपट मोठ्या असतात. म्हणजे १ लिटर घाम पूर्णपणे उडाला तर एका भरपेट जेवणाइतकी ऊर्जा शरीराबाहेर पडते.) मात्र ‘उडाला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला गार करीत नाही. त्याने पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते.

घाम उडणार की ओघळणार हे हवेतील ओलावा ठरवतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी असते. तेथे माठातले पाणी गार होते, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारले की खोली सुखद होते, कूलर उत्तम चालतो. तोच कूलर मुंबईत किंवा रत्नागिरीत लावला तर खोली गार होण्याऐवजी दमट होते, कारण तेथील हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफ सामावून घेण्याची तिची ऐपत उरलेली नसते. कोकणात माठ विदर्भातल्याइतका गार होत नाही. त्यात कोकणातल्या कुंभाराचा काही दोष नाही. भारतीय हवामान विभागही हा भेद मानतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, तर किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. ‘आमच्याकडे कुठे चाळिशी गाठते’ असे म्हणून किनाऱ्यावरच्या मंडळींनी निर्धास्त राहू नये. आणि विदर्भातल्या मंडळींनी कूलर लावल्यावर खिडकी मुळीच बंद करू नये, नाहीतर तासाभरात घरातच कोकण अवतरते.

पंख्याविषयी एक गैरसमज फार जुना आहे. पंखा हवा गार करीत नाही, ती केवळ हलवतो. त्वचेलगतची दमट हवा बाजूला सारून घाम उडण्यास तो मदत करतो, एवढेच त्याचे काम. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा सुरू ठेवून ती आधी गार करून ठेवता येत नाही. उलट त्याच्या मोटारीची उष्णता तेवढी वाढते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. खोलीतील हवा त्याहून बरीच तापली की पंखा गरम हवेचा झोत अंगावर आणू लागतो. तरुण माणसाला भरपूर घाम येतो, त्यामुळे हा तोटा भरून निघतो. वृद्धांच्या बाबतीत तो भरून निघेलच असे नाही. ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा वेळी हातपाय, मान, छाती ओल्या फडक्याने वारंवार पुसून घ्यावी. शरीर जो घाम देऊ शकत नाही तो आपण बाहेरून पुरवायचा, असा याचा अर्थ.

वृद्धांना घाम का येत नाही? वयोमानाने स्वेदग्रंथींचे कार्य मंदावते आणि उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडे जो रक्तप्रवाह वाढावा लागतो तोही पूर्वीइतका वाढत नाही. त्यात औषधांची भर पडते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात; नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाला गरजेच्या वेळी जोर वाढवू देत नाहीत; मूत्राशयाच्या, मनोविकारांच्या आणि कंपवाताच्या काही औषधांनी घामच कमी होतो. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ कृपया घेऊ नये, आणि कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. उन्हाळा सुरू होताना औषधांची सारी यादी डॉक्टरांपुढे ठेवून ‘यातील कशाची मात्रा उन्हाळ्यात बदलावी लागेल का’ एवढा एक प्रश्न विचारावा.

उष्णतेचे बळी म्हणजे भर उन्हात शेतात किंवा रस्त्यावर राबणारी माणसे, असे आपण समजतो. तशी माणसे दगावतात हे खरेच. परंतु २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा सुमारे १५ हजार माणसे नेहमीपेक्षा अधिक मृत्युमुखी पडली, आणि त्यांत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा भरणा फार मोठा होता. त्यांतील पुष्कळजण एकटे राहत होते. ते उन्हात फिरायला गेले नव्हते, आपापल्या घरातच होते. आपल्याकडे २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादने असाच अनुभव घेतला, आणि २०१३ साली तेथे उष्णतेला तोंड देण्याचा शहरव्यापी आराखडा तयार झाला. घराचा वरचा मजला, वर तापलेला काँक्रीटचा स्लॅब आणि खाली दुपारी दार लावून पडलेली वृद्ध व्यक्ती, हे चित्र आपल्या शहरांतही दुर्मीळ नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता बाहेर टाकत राहतो, म्हणून अशा खोलीत सूर्यास्तानंतरही धोका संपत नाही.

आता तहानेकडे वळू. तहान ही घशाची गरज वाटते, परंतु तिचे ठाणे मेंदूत, अधश्चेतक नावाच्या छोट्याशा भागात आहे. रक्त किती खारट झाले आहे याची नोंद तेथील पेशी सतत घेत असतात. हा खारटपणा शंभरात एक-दोन भागांनी वाढला तरी निरोगी तरुणाला पाणी प्यावेसे वाटू लागते. तराजूच्या दुकानातही इतका नेमका काटा क्वचित मिळावा. वार्धक्यात हा काटा बोथट होतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना आणि ६७ ते ७५ वयोगटातील तितक्याच निरोगी पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवले होते. वृद्धांचे रक्त अधिक दाट झाले होते, तरीही त्यांना तहान कमी लागली; आणि नंतर हवे तितके पाणी समोर ठेवल्यावरही त्यांनी तरुणांपेक्षा कमी प्याले. हे सारे आजारी नव्हते, स्मृतिभ्रंश झालेले नव्हते, हे लक्षात घ्यावे.

शिवाय मूत्रपिंडेही थकलेली असतात. पाण्याची टंचाई पडली की तरुण मूत्रपिंड लघवी दाट करून पाणी वाचवते. वृद्ध मूत्रपिंडाला ती काटकसर तितकीशी जमत नाही. त्वचेखाली शिल्लकही कमी असते. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो, तर वार्धक्यात तो ५० टक्क्यांच्या आसपास येतो, कारण पाणी साठवणारे स्नायू घटलेले असतात. तेव्हा साठा कमी, गळती अधिक आणि घंटाही वाजत नाही, अशी ही स्थिती असते. ‘आजींना तहान लागली की त्या मागतीलच’ या वाक्यावर जे घर विसंबून राहते, त्या घराने हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा अशी माझी विनंती आहे.

आणि काही आजी मागत नाहीत त्याचे कारण शरीरात नसतेच. रात्री उठावे लागेल, न्हाणीघर लांब आहे, अंधारात पाय घसरेल, सुनेची झोप मोडेल, धावपळीत लघवी कपड्यात होईल, या भीतीने कित्येक वृद्ध स्त्रिया दुपारनंतर पाण्याला शिवत नाहीत. त्या हे कुणाला सांगतही नाहीत. अशा वेळी ‘पाणी प्या’ हा उपदेश व्यर्थ असतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा मंद दिवा, भिंतीला धरायला दांडी, आणि गरज असल्यास पलंगाजवळ कमोडची खुर्ची, याच पाणी पाजण्याच्या खऱ्या युक्त्या आहेत.

आता मिठाकडे येऊ, कारण पाण्याचे सारे व्यवहार मिठाच्या आज्ञेने चालतात. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचते. ते पाणी कैरीच्या पेशींच्या आतले. बाहेर मिठाचे प्रमाण वाढले म्हणून ते पेशीच्या पातळ आवरणातून बाहेर आले. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, कारण आत साखर दाट आणि बाहेर नुसते पाणी. अर्धपार्य पडद्यातून पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते. याला परासरण म्हणतात. रसायनशास्त्राच्या तासाला हा शब्द आपण घोकला, पण कैरीशी त्याचे नाते कुणी जोडून दिले नसावे.

रक्तात सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. शरीरातले पाणी आटले की रक्त खारट होते आणि मेंदूच्या पेशींतून, कैरीतून यावे तसे, पाणी बाहेर ओढले जाते. उलट सोडियम फार घटले की पाणी पेशींच्या आत शिरते, पेशी मनुकेप्रमाणे फुगू लागतात. मनुकेला फुगायला वाटीभर जागा असते. मेंदूभोवती मात्र कवटीची हाडे असतात. दोन्ही वेळी माणूस मलूल होतो, असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या खातो, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो. घरातले म्हणतात, ‘म्हातारचळ लागला.’

हा शब्द आपण आता सोडून द्यावा असे मला फार वाटते. बुद्धीचा ऱ्हास करणारा स्मृतिभ्रंश बहुधा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. जी व्यक्ती परवापर्यंत वर्तमानपत्र वाचत होती, हिशेब सांगत होती, ती दोन दिवसांत नातवाला ओळखेनाशी झाली, तर ते वय नव्हे, तो आजार आहे, आणि तो पुष्कळदा बरा होणारा असतो. लघवीच्या मार्गातला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, एखादे नवे औषध, रक्तातील साखरेचा चढउतार, पाण्याची कमतरता, सोडियमची घट, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. सोडियमची तपासणी साधी आहे आणि लहान गावांतल्या प्रयोगशाळांतही ती होते. लघवी वाढवणारी गोळी चालू, रक्तदाबासाठी मीठ जवळजवळ बंद, जेवण चिमणीएवढे आणि ‘पाणी भरपूर प्या’ म्हणून घरच्यांचा आग्रह, असे चारही योग एकत्र आले की सोडियम घसरण्यास अगदी अनुकूल परिस्थिती निर्माण होते. मात्र अहवालात सोडियम कमी दिसले म्हणून घरीच मीठ चारू नये. ते फार वेगाने वाढवले तरी मेंदूला इजा होते. किती वाढवायचे आणि किती तासांत, याचे गणित डॉक्टरांनीच करावयाचे असते.

जुलाब, उलट्या किंवा फार घाम गेल्यावर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. तेव्हा नुसते पाणी अपुरे पडते, आणि नुसते मिठाचे पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. १९६० साली प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी याचे कोडे उलगडले. आतड्याच्या पेशींवर एक असे दार आहे की जेथून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात. आणि ती जोडी आत गेली की पाणी मागोमाग येते. पटकीने आतडे बिघडले तरी हे दार चालू राहते. या ज्ञानाची कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते आप्तांच्या हातूनच रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. जेथे शंभरातील तीसपर्यंत रुग्ण दगावत होते तेथे मृत्यूंचे प्रमाण चारच्याही खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जगातील कोट्यवधी मुलांचे प्राण वाचवणाऱ्या या माणसाचे नाव आपल्याला निवृत्त क्रिकेटपटूंच्या नावांइतके ठाऊक नसावे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आजची जलसंजीवनी त्याच तत्त्वावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पाकिटावर जितके पाणी सांगितले असेल तितक्या पाण्यात सबंध पाकीट एकाच वेळी विरघळवावे. पेलाभर पाण्यात अंदाजाने चमचाभर टाकण्याची सवय घातक आहे. द्रावण दाट झाले की परासरण उलटे फिरते आणि शरीरातले पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ कमी पडले तर एकवेळ चालेल, जास्त नको. घोट डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागू नये. मधुमेह आहे म्हणून जुलाबात जलसंजीवनी नाकारू नये, रक्तातील साखर तेवढी तपासत राहावी. परंतु जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, तरी ‘शक्ती येते’ म्हणून रोज सरबतासारखी ती पीत राहणे रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांना योग्य नव्हे. दुकानात आकर्षक खोक्यांतून मिळणारी गोड पेयेही जलसंजीवनी नव्हेत.

पाणी कमी पडले आहे हे ओळखावे कसे? हाताची त्वचा चिमटीत धरून सोडण्याची पद्धत लहान मुलांत उपयोगी पडते; वृद्धांची त्वचा तशीही सैल असते. तोंड कोरडे पडणे औषधांमुळेही होते. लघवीचा रंग जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पिवळा होतो. खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते. घरी मात्र एक साधन बऱ्यापैकी विश्वासू आहे, ते म्हणजे वजनाचा काटा. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो असते. हा योगायोग नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये वजनाचे माप ठरवले गेले तेच मुळी पाण्यावरून. (२०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या सृष्टीतील एका स्थिरांकाशी जोडली गेली आहे, पण आपल्या घरातल्या काट्याला त्याचे सोयरसुतक नाही.) सकाळी शौचाहून आल्यावर, न्याहारीपूर्वी, साधारण तशाच कपड्यांत वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. दोन दिवसांत किलोभर वजन उतरले तर ती चरबी नव्हे, इतक्या झपाट्याने चरबी झडत नाही. ते पाणी आहे. हृदयविकाराच्या रुग्णांत हेच गणित उलट वाचावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, पायांवर सूज आली, तर शरीरात पाणी साठत आहे आणि डॉक्टरांना कळवण्यास उशीर करू नये.

किती पाणी प्यावे या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. युरोपातील पोषणतज्ज्ञांनी वृद्ध स्त्रियांसाठी दिवसाला १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेये ही किमान मर्यादा सुचवली आहे. आपल्या वैशाखात ती अपुरीच पडेल. यात चहाही धरावा. माफक चहाने शरीरातले पाणी घटते हा समज निराधार आहे. ताक, पन्हे, कोकम सरबत, पेज, कलिंगडाची फोड, वरणाचे पाणी, सारे हिशेबात येते. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप बांधून दिले आहे त्यांनी मात्र हा आकडा विसरून ते मापच पाळावे, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळे विचारल्यावाचून पिऊ नये, कारण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. दिवसभरातले बहुतेक पाणी सकाळपासून दुपारी चार-पाचपर्यंत पोटात जाईल असे पाहिले की रात्रीच्या खेपा आपोआप कमी होतात.

पाणी कमी असताना एकदम उठून उभे राहणे हा वेगळा धोका आहे. आपण उभे राहतो तेव्हा गुरुत्वाकर्षणामुळे अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून ते सावरते. वृद्धांना त्यासाठी वेळ द्यावा लागतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, पावले खालीवर हलवावीत, मग आधार धरून उठावे.

उन्हाळ्यात अंग तव्यासारखे तापले आणि माणूस बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर तो उष्माघात समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हात जोडून बसू नये. अंगाला घाम असेलच असे नाही. वृद्धांत त्वचा कोरडीही असते. सावलीत आणून कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी शिंपडावे आणि जोराने वारा घालावा. माठाचेच तत्त्व, पण घाईने. पॅरासिटामॉल देऊ नये, कारण हा ताप जंतूंमुळे चढलेला नसतो आणि त्या गोळीने तो उतरत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

श्वासनलिकेचा विषय निघालाच आहे तर शेवटी दाटपणाविषयी थोडे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या पुष्कळांना घास गिळता येतो, परंतु पाणी पिताना ठसका लागतो. घरच्यांना हे उफराटे वाटते. पाणी पातळ असल्याने घशात अतिशय वेगाने उतरते, आणि श्वासनलिकेचे झाकण मिटायला दुबळ्या स्नायूंना तेवढा अवधी मिळत नाही. मध तेवढ्याच उतारावरून सावकाश येतो. असा ठसका वारंवार लागत असेल तर पाणी तोडू नये आणि बळेही पाजू नये. डॉक्टरांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. ते सांगतील तितकी दाट केलेली पेये, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, चमच्याचमच्याने द्यावीत. आणि पक्षाघाताच्या रुग्णाचा तांब्या-भांडे त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूला ठेवावे. दुबळ्या बाजूला ठेवलेले पाणी काहींना दिसतही नाही, आणि संध्याकाळी तांब्या तसाच भरलेला पाहून ‘आज यांना तहानच नव्हती’ असे घरचे समजतात.